बेगाइमच्या बापाचं बोलतं पान

"तिला एक अक्षर सांगायचं नाही, ताई," कादिर फोनवर म्हणाला. "संध्याकाळी तिकडे मॉस्कोत माझी पोरं कामावरून सुटतील. वडीलधाऱ्यांना घेऊन तिच्या खोलीवर जातील, दोन्ही बाजूंना बसतील, मग सांगतील. तोवर तुमचा वर्ग आहे ना? धरून ठेवा तिला. घरी फोन करू देऊ नका."

त्याचा भाऊ शार्शेन सकाळी गेला होता. शाळेच्या भट्टीत कोळसा टाकता टाकता फावड्यावरच कोसळला. मॉस्कोत हॉटेलची भांडी घासणारी आणि सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन पत्रकारिता शिकणारी बेगाइम ही त्याची एकुलती एक मुलगी.

आम्ही किरगिझ लोक मरणाची बातमी कुणाच्या तोंडावर फेकत नाही. आधी माणसं गोळा करतो, मग सांगतो. पण अर्धा देश दुसऱ्यांची भांडी घासायला बाहेर गेला, तर गोळा तरी कुणाला करायचं? आता तेही काम एका मास्तरणीच्या गळ्यात.

जिपारने फोन ठेवला. नारिनच्या जिल्हा रेडिओवर तिने उभी हयात हवामान आणि मयताच्या सूचना वाचल्या. घरच्यांना कळल्याशिवाय सूचना वाचायची नाही, हा नियम तिने कधी मोडला नाही. रेडिओ बंद पडला. मग परदेशी अनुदानातून हा अभ्यासक्रम आला आणि ती पॉडकास्ट शिकवू लागली. मुलं दूर, वर्ग पडद्यावर, पगार वेळेवर नाही.

त्या दिवशी अनुदानवाले पाहुणे वर्ग बघायला बसले होते. समन्वयक तिलेक सकाळपासून नाचत होता.

"ताई, हसतमुख राहा. आज रेकॉर्डिंग चांगलं झालं पाहिजे."

पडद्यावर चौकोन उजळले. बेगाइमने केस विंचरले होते, ओठांना रंग लावला होता.

"आज पहिली तूच," जिपार म्हणाली. "सावकाश दाखव. काही गाळू नकोस."

"बघा, पाहुण्यांसमोर मलाच पुढे ढकलतात!" बेगाइम हसली. "बरं, हे आमचं घर."

तिने घराचं चित्र असलेलं एक वेबपान केलं होतं. किटलीला बोट लावलं की पाणी उकळायचं. दाराला लावलं की कुत्रं भुंकायचं. घरच्या भट्टीपाशी उभ्या बापाला लावलं की फावडं खरवडायचं आणि पाठोपाठ त्याचा घोगरा आवाज यायचा:

"काय बोलू गं? चालू झालं का हे? जेवलीस का तू? ... मग काय, बोललो की!"

सगळा वर्ग हसला. जिपारही हसली.

"फावड्याचा आवाज कसा टिपलास?" तिने विचारलं. मग माइक कुठे ठेवला होतास, वारा कसा अडवलास, फोन कुठला. पाहुणे कंटाळले. तिलेकने तिला खाजगीत लिहिलं, बाकीच्यांना कधी घेणार? तिने वाचलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

"आणि ही खरी गंमत," बेगाइम म्हणाली. "बाबांच्या खाली बटण आहे. ते दाबून कुणीही बाबांशी बोलायचं, बोलणं तिथे साठतं. गावात सगळ्यांना पाठवलंय. शेजारच्या काकांनी तर शिव्याच दिल्यात, उसना पाना परत दे म्हणून! अय्या, नवीन आलंय. उरुम आत्याचं! तिला जमलं?"

उरुम म्हणजे शार्शेनची थोरली बहीण. खिंडीपलीकडे राहायची. बर्फाने घाट बंद होता, भावाच्या मातीला पोचायला वाट नव्हती.

"राहू दे बेगाइम, आता दुसऱ्यांना—"

"एवढं एकच, ताई!"

जिपारचा हात आवाज बंद करायला धावला, पण बेगाइमचं बोट आधी पडलं.

"घाट मिटला रे, माझ्या पाठच्या भावा, तुझ्या दारात येऊन रडायला मला वाट नाही रे..."

पुढे काही ऐकायची गरज नव्हती. हा सूर आमच्याकडे मेलेल्यासाठीच निघतो. भावाला रडल्याशिवाय पाठवायचं कसं, म्हणून म्हातारीने हाताशी होतं त्या एका बटणातून रडणं पाठवलं होतं. ते आधी कोण ऐकेल, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिची काय चूक?

आत्या रडून थांबली.

"ताई," बेगाइम म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"म्हणून फावड्याचं एवढं विचारत होता?"

"हो, बाळा."

तिलेकचा निरोप चमकला: रेकॉर्डिंग थांबवू नका, असा नमुना पुन्हा मिळणार नाही.

जिपारने रेकॉर्डिंग थांबवलं. मग वर्गात सगळ्यांना ऐकू जाईल असं, रेडिओवरच्या त्या स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "तिलेक, तुझा बाप जिवंत आहे ना? मग गप्प बस."

बेगाइमने ओठांचा रंग मनगटाने पुसला. खुंटीवरचा रुमाल घेऊन डोक्याला बांधला. खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आमच्याकडे लेक बापाला अशीच रडते, आल्यागेल्याकडे पाठ करून. तिने सूर धरला. शब्द येत नव्हते, नेटही मध्येच तुटत होतं. पण तिने सोडलं नाही.

वर्गातल्या ओश शहरच्या मुलीने खुर्ची फिरवली. मग तलासच्या दोघींनी. जिपारनेही फिरवली.

पाहुण्यांना पडद्यावर आता नुसत्या पाठी दिसत होत्या.