पहिला कौल

पिन गंजलेली होती. अपिलाच्या नकलेला वकिलानं मारलेली ती पिन दत्तारामच्या बोटात घुसली, थेंबभर रक्त आलं, आणि ते पुसताना त्याला काळजी वाटली ती शर्टाची — तारखेला हाच घालायचा होता. शिक्षा तीन वर्षांची. बेकायदा नोकरभरती आणि फसवणूक... बेकायदा म्हणजे काय, तर परवाना नव्हता. एवढंच ना?

रिक्षा तोंडवलीचा रस्ता सोडून वरच्या वाडीकडे वळली. दत्ताराम शेवंतीकाकीकडे निघाला होता. साक्षीदाराच्या दारात जाऊ नका, असं वकिलानं दोनदा बजावलं होतं. पण वकिलाला सगळं कुठं ठाऊक होतं...

अख्खं अपील उभं होतं काकीच्याच एका वाक्यावर. तिचा मुलगा सत्यवान दत्तारामनं सांगितलेल्या हॉटेलातल्या नोकरीसाठी म्हणून पर्यटकाच्या व्हिसावर परदेशी गेला आणि मासळीच्या कारखान्यात उजव्या हाताची चार बोटं ठेवून परत आला. उलटतपासणीत वकिलानं तिला विचारलं, "आरोपीनं सांगितलं म्हणून मुलाला पाठवलंत?" आणि ती बाई ताठ मानेनं म्हणाली, "नाही साहेब. देवानं उजवा कौल दिला म्हणून पाठवला." खालच्या कोर्टानं त्याकडे लक्ष दिलं नाही, वकिलानं मात्र ते नेमकं उचललं — विश्वास देवावर, आरोपीवर नव्हे, मग फसवणूक कसली? देवाला आरोपी करा म्हणावं, असं म्हणून तो हसला. मीही हसलो, दत्तारामला आठवलं. पोट धरून हसलो.

पण कौल दोन लावले होते.

गुरवानं देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, सत्यवानानं जावं का असं विचारलं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. काकीनं पदर तोंडाला लावला — तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, ते मी पाहिलं होतं — आणि तेव्हा मीच पुढे झालो. प्रश्न चुकला, म्हणालो. आत्ता नको म्हणतोय देव. पुढच्या महिन्यात जावं का, असं विचारा. मग उजवी पडली. सरकारी वकिलानं तिला पुन्हा बोलावलं आणि तिनं तो पहिला कौल सांगितला, तर सगळंच संपलं. तीन वर्षं. आठवत असेल का तिला? म्हातारी माणसं नको ते बरोबर लक्षात ठेवतात.

सत्यवान खळ्यात एका हातानं नारळ सोलत होता. जमत नव्हतं. त्यानं दत्तारामकडे पाहिलं, नारळ उचलला आणि मागच्या दारी निघून गेला.

"इलंस? बस," काकी म्हणाली. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. शिव्या देईल, थुंकेल, याची तयारी करून आलेल्या दत्तारामला आता हातांचं काय करावं ते कळेना.

"काकी, ता देवळातला..."

"पयलो डावो पडललो," ती म्हणाली. "माझ्या ध्यानात आसा."

त्यानं तांब्या उचलला आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला.

"कोर्टात मी सांगूक नाय. सांगूचंय पण नाय. देवाचा बोलणा कोर्टात कित्याक उलटसुलट करूचा? तेणा जा म्हणान सांगल्यान, ता खोटा नाय. हात सांभाळ, असा आपण मागूकच नाय रे. चूक आपलीच."

आपली, म्हणाली. तुझी नव्हे. दोन वर्षं तो या बाईच्या तळतळाटाला भीत होता आणि तिच्या हिशेबात तो नव्हताच — साधा गुन्हेगार म्हणूनसुद्धा नव्हता. क्षणभर त्याला तिचा संताप आला. ओरडून सांगावंसं वाटलं, काकी, मीच... पण ती पुढे वाकली होती, आवाज उतरवून बोलत होती.

"भक्तीचो पासपोर्ट इलो. कुडाळचो एक जण आखातात धाडता म्हणता, घरकामाक. आयतवारी कौल लावचो आसा. तू ये. प्रश्न तू नीट घालतंस. ह्या टायमाक हातापायाचा पण मागूया. येशील मा?"

आतून भक्तीच्या बांगड्या वाजल्या. सत्यवानाची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची असेल.

"येतंय, काकी," तो म्हणाला.

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले. दोन वर्षं पोलिसांना, वकिलांना, बायकोला तो सांगत आला होता की आपण निर्दोष आहोत. आज पहिल्यांदाच ते त्याला मनापासून पटलं.