दिवस मावळायच्या आत

"आत्ती, आलो गं! एवढा एक फोटू हुंदे!"

दिव्यानं तिसऱ्यांदा असं म्हटलं आणि हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, वाटी घेऊन गच्चीवर ताटकळलेल्या राजमतीचा जीव खालीवर झाला. निपाणीच्या मंगल कार्यालयात चारशे माणसं तिच्या हातची खपली गव्हाची हुग्गी ओरपून, ढेकरा देऊन गेली होती. नवरी मात्र पहाटेच्या कपभर दुधावर! अक्षता झाल्या, आहेर झाले, आता हा फोटोवाला. आणि दिवस मावळला की दिव्या पाण्याचा थेंबही घ्यायची नाही.

जैनाघरची ही रीत. राजमती स्वतः पाळायची आणि दिव्यालाही तिनंच लावलेली. पोरीची आई वारली तेव्हा ती तीन वर्षांची होती. दिवस असेतो भाचीला भरवायचं, मग उरल्या उजेडात घाईनं स्वतःचे दोन घास गिळायचे, असा आत्याचा बावीस वर्षांचा नेम. आज पोर सासरी चालली, तीही उपाशी? राजमतीला रडूच येत होतं.

"सोड की रं तिला!" ती फोटोवाल्यावर खेकसली.

"मावशी, असला उजेड दिवसातनं एकदाच मिळतोय. धाच मिन्टं!"

"तेवढ्यात दिवस बुडतोय न्हवं!"

नवरीचा बाप जिनेंद्र धावत वर आला. "आक्का, पाव्हण्यांसमोर तमाशा नको. एक दिवस न्हाय जेवली तर काय मरती व्हय?"

"तू गप बस. तुला जल्मभर आयतं ताट मिळालंय."

सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला. राजमतीनं पदर खोचला आणि ती थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काढ आता माझाच!"

सगळे हसले. दिव्यानं मुकाट्यानं आ केला. ओठांच्या रंगाचं पार वाटोळं झालं, शालूवर तूप सांडलं, पण पोर अधाशासारखी खात होती. नवरदेव अभिनंदननंही लाजत तोंड पुढं केलं. शेवटचा घास त्याला गेला, तेवढ्यात सूर्य दिसेनासा झाला.

"आत्ती, तू जेवलीस न्हवं?"

"व्हय की. मगाशीच."

इतकं सरळ खोटं आपल्याला बोलता आलं, याचं राजमतीलाच नवल वाटलं.

खाली वाढप्यानं तिचं ताट झाकून ठेवलं होतं. तिनं ते उचलून नवरीच्या गाडीच्या ड्रायव्हरपुढं ठेवलं.

"जेव बाबा पोटभर. पोरीच्या सासरी, सांबऱ्यापतोर जायाचंय तुला. आन् गाडी सावकाश चालीव."

तो जेवून उठेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग गाडी निघाली, आणि ती कोरड्या तोंडानं हात हलवत राहिली.