ठिपक्यांची रेघ

एल्स्पेथ गुडघ्यांवर बसून माती खरवडत होती आणि पुटपुटत होती, "दिस रे बाबा, एकदा दिस!" तिला रोमन फौजेच्या मुक्कामाचा खंदक हवा होता. हा तिसरा चर. पहिल्या दोहोंत नुसती पिवळी चिकणमाती, कधी कुणी हात न लावलेली.

सव्वीस वर्षांपूर्वी शेतकरी वॉटी हेगच्या या कुरणात पुरातत्त्व खात्यासाठी तिनेच छावणीभोवतीच्या खंदकाच्या तीन बाजू मोजल्या होत्या. चौथी काही दिसेना. पण रोमन शिपाई म्हणजे शिस्तीचे. दोन रात्री टेकले तरी चौकोन आखणारच! तिने नकाशावर चौथी बाजू ठिपक्यांनी जोडून टाकली. ठिपक्यांच्या आतली सगळी जमीन संरक्षित ठरली आणि त्यापायी वॉटीला मुलासाठी तिथे घर बांधायची परवानगी मिळाली नाही. तो मुलगा, ॲलन, बायकोला घेऊन कॅनडाला गेला तो गेलाच. वॉटीची बायको नॅन नातवंडांचे फोटो बघत बघत वारली. आता म्हाताऱ्याने शेत विकलं होतं, सोमवारपासून इथे झाडं लागणार होती. त्याआधी एकदा खणू द्या म्हणून एल्स्पेथ हातापाया पडून आली होती.

खंदक सापडला तर जे झालं ते निदान कशासाठी तरी झालं. नाही सापडला तर?

चराचं टोक दलदलीला भिडलं. तिची ठिपक्यांची रेघ सरळ चिखलात शिरत होती. शिपाई ओली जागा टाळून अलीकडेच वळले असणार. एवढी साधी अक्कल त्यांना होती, तिला नव्हती.

"काय बाई, भेटले का तुमचे पाहुणे?" वॉटी काठी टेकत आला. "की डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही?"

नांगराने खंदक खाल्ला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कोण तपासणार होतं?

"नाही, वॉटी. इथे कधीच काही नव्हतं. ती रेघ माझी होती. चुकले मी."

म्हातारा काठी टेकत हळूहळू चरात उतरला, इकडेतिकडे पाहिलं.

"नॅन म्हणायची, सुनेचं स्वयंपाकघर इथे हवं. खिडकीतून रस्ता दिसतो."

एल्स्पेथने माती लोटायला फावडं उचललं.

"राहू द्या," तो म्हणाला. "जरा बसतो इथे."

आणि तो रस्त्याकडे तोंड करून बसला.