पत्र्याच्या बेडकाची मैफल

प्रल्हाद कर्णिकांच्या कानात यंत्र बसवलं, त्याला वर्ष होत आलं होतं. एका तापात दोन्ही कान गेले होते. आता डोक्याच्या कातडीखाली एक छोटं उपकरण होतं, त्यातून निघालेली बारीक तार कानाच्या आत गेलेली, आणि बाहेर केसांत चुंबकाने चिकटलेलं बटण. सुरुवातीला माणसं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटायची. हळूहळू मेंदू शिकला. ऑफिसातल्या मीटिंगा, दुबईतल्या करामाच्या दुकानांतलं हिंदी, बायकोचं, सुजाताचं बोलणं, सगळं समजू लागलं. गाणं मात्र परत आलं नाही.

तापाआधी ते मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत पेटी वाजवायचे. ऊद मेथातल्या शाळेच्या हॉलमध्ये कुणीही गायला बसलं की साथीला प्रल्हादच. ऑपरेशननंतर पहिल्यांदा भाता ओढला, तेव्हा पोत्यातून खिळे ओतल्यासारखा आवाज झाला. कुठला सूर खालचा, कुठला वरचा, तेही कळेना. कान तपासणाऱ्या नबिला मॅडमनी आधीच सांगितलं होतं की यंत्राला शब्द आणि ठेका पकडता येतो, सुरांचं बारीक काम त्याला झेपत नाही. प्रल्हादांनी पेटी शाळेला देऊन टाकली. घरात गाणं लागलं की ते बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालत बसायचे. मग सुजाताने गाणी लावणंच सोडलं.

त्यांची मुलगी इरा दुबईतच लहानाची मोठी झालेली. अल कूझमधल्या एका जुन्या गोदामात नाटकं, मैफली होत, तिथलं साउंड ती सांभाळायची. एका शनिवारी सकाळी तिचा मेसेज आला. जर्मनीहून दोन कलाकार आले होते, त्यांचं सामान देरातल्या हॉटेलातून आणायचं होतं आणि गोदामाची व्हॅन बंद पडली होती. बाबा गाडी घेऊन जातील का, असं तिने विचारलं होतं. संगीताचं सामान म्हटल्यावर प्रल्हाद जरा थांबले, पण नुसतंच पोहोचवायचं आहे म्हणून निघाले.

हॉटेलच्या दारात हाइके नावाची उंच, पिकल्या केसांची बाई उभी होती. शेजारी तिचा जोडीदार, खांद्यावर वायरींची वेटोळी घेऊन. तो फारसं बोलतच नव्हता. सूटकेस डिकीत ठेवताना एकीचं कुलूप सुटलं आणि फुटपाथवर खेळणी सांडली. पत्र्याचा हिरवा बेडूक, लाकडी कोंबडी, सायकलची घंटी, हँडल फिरवून वाजवायच्या डब्या, आणि मांडीवर मावेल एवढा लाल पियानो. प्रल्हादांनी वाकून सगळं गोळा केलं. लहान मुलांचा कार्यक्रम असणार, असं त्यांना वाटलं. हाइकेने इंग्रजीत सांगितलं की कार्यक्रम मोठ्यांचाच आहे, वाद्यं हीच आहेत, बाकीचं काम कॉम्प्युटर करतो.

खाडीवरच्या पुलावर गाडी आली. खाली पाणी उन्हात पांढरं पडलं होतं आणि त्यावरच्या होड्या हलत नव्हत्या. तेवढ्यात मागून आवाज आला. टक्. मग टक् टक्. प्रल्हादांना वाटलं गाडीचंच काही बिघडलं. हाइके हसली. बेडूक चावीवर चालणारा होता, आधी दिलेली थोडी चावी उरली होती, तो डिकीत उड्या मारत होता.

प्रल्हादांनी एसी बंद केला.

इतका स्वच्छ आवाज त्यांना वर्षभरात ऐकू आला नव्हता. बारीक, गोल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. पूल संपला, सिग्नल लागला, तिघंही घामाने भिजले, तरी एसीबद्दल कुणी बोललं नाही. चावी संपली तेव्हा त्यांनी तो परत चालू केला.

गोदामात गालिचा अंथरलेला होता. सामान ठेवून निघायचं, ते प्रल्हाद मागच्या खुर्चीत बसून राहिले. हाइकेच्या जोडीदाराने प्रत्येक खेळण्याला नखाएवढा माइक चिकटवला. बेडकाला चावी दिली. त्याची टकटक कॉम्प्युटरने धरून ठेवली आणि तो ती पुन्हा पुन्हा सोडू लागला. त्यावर लाल पियानोचा एक सूर पडला आणि विरला. मग दुसरा. खालून फ्रीजसारखी संथ घरघर सुरू झाली, पार जमिनीतून पायांत येणारी. प्रल्हादांना वाटलं, भर दुपारी कुठल्याशा तळ्याच्या तळाशी आपण बसलो आहोत आणि वर कुणीतरी एकेक खडा सावकाश टाकतंय. खडा पाण्याला लागतो, वर्तुळं पसरतात, मिटतात, मगच पुढचा येतो. घाई कुणालाच नाही. त्यांचे हात मांडीवर हलू लागले होते.

मग जोडीदाराने फुंकून वाजवायची छोटी पेटी तोंडाला लावली आणि तळ्यात एकदम खिळे ओतले गेले. प्रल्हादांचा हात केसांतल्या बटणाकडे गेला. हाइकेने ते पाहिलं आणि वाजवणं थांबवलं. काय झालं, तिने विचारलं.

प्रल्हादांनी तिला सगळं सांगितलं. इरा मिक्सरपाशी उभी राहून ऐकत होती. शेवटी ते तिच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सूर मला सापडत नाहीत गं. नुसत्या त्यांच्या कडा हाताला लागतात. त्या बेडकाला कडा आहेत."

हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. इराने जमेल तसं हाइकेला समजावलं. हाइके गालिच्यावर मांडी घालून बसली आणि एकेक खेळणं वाजवून त्यांच्याकडे बघू लागली. प्रल्हाद डोळे मिटून मान हलवत होते, हे चालेल, हे नको. कोंबडी चालली. घंटी नको. फुंकायची पेटी बाजूला गेली तेव्हा जोडीदाराचा चेहरा जरा उतरला, पण दुसऱ्या गाण्यात ती ठेवू, असं त्यांचं आपसात ठरलं. एक अख्खं गाणं त्यांनी नव्याने मांडलं. मग हाइकेने लाल पियानो प्रल्हादांपुढे सरकवला. संध्याकाळी तुम्हीच वाजवा, म्हणाली.

त्यांनी नकार दिला. संगीत आपण सोडलं आहे, असं सांगितलं.

"बाबा, इट्स नॉट म्यूझिक," इरा म्हणाली. "इट्स जस्ट अ टॉय."

संध्याकाळी सुजाता टॅक्सीने आली, तर नवरा पायमोजे घालून गालिच्यावर बसलेला, गुडघ्यांत लाल पियानो. ती मागच्या रांगेत बसली, कुणी ओळखीचं नाही ना ते बघून. गाणं सुरू झालं. प्रल्हादांची बोटं त्या पट्ट्यांना फार मोठी होती, म्हणून ते एकाच बोटाने वाजवत होते, तीन सूर, मध्ये भरपूर थांबून.

मध्येच, कॉम्प्युटरने टकटक धरायच्या आतच, बेडूक कलंडला आणि त्याची चावी निसटली. त्या गाण्याचा सगळा ठेका त्याच्यावर होता. लोक वाट बघू लागले. हाइके त्याच्याकडे सरकली, पण चावी गालिच्याच्या घडीत पडली होती आणि सापडत नव्हती. प्रल्हादांनी बोटाच्या पेराने पियानोच्या लाकडावर टिचकी मारली. मग आणखी. बेडकाच्याच चालीने, पण मध्ये एक जास्तीची, पुढच्या मात्रेला ढकलणारी. कॉम्प्युटरने ती उचलली आणि भिंतींवरच्या स्पीकरांतून परत पाठवली. प्रल्हादांनी मान वर केली. वाजवलं होतं आपणच, आणि ते जसंच्या तसं ऐकू येत होतं. ते त्या आवाजावर दुसरी टिचकी गुंफू लागले. हाइकेने चावी शोधायचं सोडलं आणि पियानोचे सूर स्वतः वाजवू लागली. सुजाताने आजूबाजूला बघणं सोडलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर दोघं गाडीकडे चालत आले. बाहेर हवेत धूळ आणि थोडी ओल होती.

"कसं ऐकू येत होतं हो तुम्हाला?" सुजाताने विचारलं.

प्रल्हादांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "जुनं गाणं लावलं की मी आठवणीतलं गाणं शोधत बसतो आणि ते सापडत नाही. हे आधी कधी ऐकलंच नव्हतं. मग काही शोधावं लागलं नाही."

सुजाताने मान डोलावली. गाडीत बसल्यावर ती पट्टा लावता लावता काहीतरी गुणगुणू लागली. तीन सूर, मध्ये थांबून. सूर बरोबर आहेत की नाहीत, ते प्रल्हादांना सांगता आलं नसतं, पण थांबायच्या जागा तिने बरोबर पकडल्या होत्या. त्यांनी इंजिन लगेच सुरू केलं नाही. स्टिअरिंगवर, तिच्या थांबण्याच्या जागी, त्यांनी हलकेच एक टिचकी मारली.