कॉम्प्युटरातली विभूती

हुमनाबादच्या अडत दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा मेकॅनिकनं तो उघडून दाखवला होता. आतल्या सर्किटच्या हिरव्या पाटीवर पांढरी भुकटी साचली होती. दुकानाचे मालक भीमण्णा दर खंडेनवमीला त्याला विभूती लावायचे. तीच आत उतरली, असं त्यांच्या मनानं घेतलं. "विभूती पुसायची न्हाई," म्हणून त्यांनी मेकॅनिकला वाटेला लावलं आणि कॉम्प्युटर गावी, दुबलगुंडीच्या घरी आणून ठेवला. बंद यंत्राची पूजा मात्र चालूच राहिली.

त्यांच्या लेकीला, शिवलीलाला, जुनी यंत्रं जिवंत करायचा नाद. या सुट्टीत तिनं हट्टानं तो खोलला. पाटीचा नकाशा कुठंच मिळेना, तेव्हा भिंग धरून तांब्याची एकेक रेघ तिनं कागदावर उतरवली. एक रेघ भुकटीखाली शिरली ती बाहेर आलीच नाही. तिनं फुंकर मारली. भुकटी हलली नाही.

"अप्पा, विभूती असती तर उडाली असती. ह्यो बॅटरी पाझरून साचलेला खार हाय. तांबं खायलाय."

"म्हंजी इतकी वर्षं मी खाराला हात जोडायलो व्हतो?"

 शिवलीलानं खार खरवडला, तुटल्या रेघेच्या जागी बारीक तार डाख देऊन जोडली आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

भीमण्णा देवघरातून विभूती घेऊन आले. यंत्राला लावायला वाकले आणि तसेच थांबले. मग त्यांनी विभूती लेकीच्या हातात ठेवली.

"तू लाव. तुला वळखू येतंय."