कण्यांचा टोप आणि ओट्सची तीन पाकिटं

नाकं मुरडू नका, मित्रांनो! बूड काळं, काठ दबलेला, पोटाला पोचे, असा दिसतो खरा. पण मी जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, जुना टोप आहे आणि उभा जन्म पेज शिजवली आहे.

पनवेलच्या बाजारात भांडेवाल्याने टणटण वाजवून मला ठमाबाईच्या हातात दिलं, तेव्हा मी नुसता लखलखत होतो. तिचा नवरा जगन मिठागरात कामाला. ठमाबाई रोज सकाळी तांदळाच्या कण्या तीन पाण्यांनी धुवायची, मला चुलीवर चढवायची आणि वरून मिठाचा खडा टाकायची. जगन भाजलेल्या सुकटाबरोबर दोन वाडगे पेज ओरपायचा आणि म्हणायचा, "आता दुपारपरत कुनाला भ्यायाचं नाय!" काय दिवस होते ते!

पुढे मिठागर बंद पडलं. मुलाने, हरेशने, नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. कुकर आला, गुळगुळीत काळी भांडी आली आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे! पेज शिजवणाऱ्याच्या पोटात चिमटे! फार लागलं मला ते.

यंदा जगनला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात बंद, पेज बंद. सकाळी ओट्स खा, आणि खाल्ल्याशिवाय गोळी घेऊ नका. झालं! जगन हट्टाला पेटला. पेज नाही तर काहीच नको. उपाशीपोटी गोळी घेतली आणि चक्कर येऊन मोरीत पडला. सून प्राजक्ता त्याला उचलायला धावली.

"बाबा, असंच चाललं तर अ‍ॅडमिट करावं लागेल हो तुम्हाला," ती रडवेली होऊन म्हणाली. त्याच दिवशी तिने ओट्सची तीन वेगवेगळी पाकिटं आणली. गॅलरीतून मला सगळं दिसत होतं.

पहिले झटपट होणारे, अगदी बारीक. उकळतं पाणी ओतलं की दोन मिनिटांत तयार. जगनने चमचा उचलून उलटा केला. "ही तर खळ हाय. पतंग चिकटवू काय?" आणि वाडगा सरकवला.

दुसरे चपटे, जाड पोह्यांसारखे. सात-आठ मिनिटं शिजवा, असं सांगून प्राजक्ता कामावर गेली. ठमाबाईने काय करावं? तांदळासारखे तीन पाण्यांनी खसाखसा चोळून धुतले! न धुता धान्य चुलीवर चढवणं तिच्या हातांना माहीतच नाही. पिठूळ पाणी वाहून गेलं, उरला चिकट गोळा. मी ओरडलो असतो, पण टोपाचं कोण ऐकतो? जगनने तोंड फिरवलं. ठमाबाई ओट्यापाशी उभी राहून रडली.

तिसऱ्या पाकिटात नुसते कापलेले दाणे. त्यांना अर्धा तास लागतो. प्राजक्ताने छोट्या भांड्यात मोठ्या गॅसवर ठेवले. ते उतू गेले आणि वर कच्चेच राहिले. "आई, माझ्याच्याने नाही होत," म्हणत ती मटकन खाली बसली. तेव्हा ठमाबाईने पाकिटात हात घातला, दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरला.

"अगो, या तं कण्या हायत!"

तशी ती तरातरा गॅलरीत आली. चिमटे खडखडत फरशीवर पडले. मला घासलं, दाणे धुतले. या वेळी धुण्याने काही बिघडलं नाही, दाणा शाबूत राहिला. संध्याकाळी भिजत घातले आणि सकाळी भरपूर पाण्यात मंद गॅसवर ठेवले. प्राजक्ता अर्ध्या दिवसाची रजा काढून ढवळत उभी. कितीतरी वर्षांनी बुडाला ऊब लागली हो माझ्या!

जगनने एक घोट घेतला आणि थांबला.

"तांदूल नाय ह्यो."

"नाय. ओट्स हायत. फसवीत नाय मी तुमाला," ठमाबाई म्हणाली.

त्याने सुकट तोंडात टाकलं, दुसरा घोट घेतला. मग वाडग्यात बघतच बोलला, "पेज बंद सांगितली तवा मना वाटलं, आता आपलं संपलं. लय भ्यालो मी."

"मंग बोलायचं ना!" ठमाबाईने पदर डोळ्यांना लावला.

जगनने वाडगा चाटूनपुसून संपवला आणि सुनेपुढे हात केला. "दे पोरी, ती गोली."

मित्रांनो, घाई असेल तर बारीक ओट्स घ्या, थोडा वेळ असेल तर चपटे, निवांतपणा असेल तर कापलेले. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण घरातल्या कुणी ताट सरकवलं, तर हट्टी म्हणून रागावू नका. जवळ बसा आणि विचारा, "भीती वाटते का हो?" आमच्या घरात तीन पाकिटं फोडून झाली, तरी हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.