माझ्या चाकामागचा ठोकळा

मित्रांनो, मला बघायचं असेल तर आधी माझ्या मागच्या चाकापाशी या. बहुतेक लोक मला पुढून बघतात आणि नाक मुरडतात. एक दिवा नवा, एक पिवळा पडलेला, बंपरला दोन ठिकाणी वेल्डिंग. मुरडोत बिचारे. मी लिंबागणेश गावची एक जुनी पिकअप गाडी आहे आणि माझी खरी गोष्ट मागच्या चाकापाशीच घडली.

सिद्धेश्वरअप्पांनी मला घरी आणलं तेव्हा माझा पांढरा रंग डोळ्यांत भरायचा. त्यांच्या बायकोने, गंगासागरबाईंनी, माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि चाकांखाली लिंबं ठेवली. दोघांचं पेंडीचं दुकान. दर सोमवारी अंधारातच निघून बीडच्या मोंढा बाजारातून सरकी पेंडीची पोती भरायची आणि परत यायचं, हे माझं काम. येताना पाली गाव सोडलं की आमची वाट घाटाला लागते. अरुंद आणि नुसती वळणावळणाची. पहिली काही वर्षं मी तो घाट गाणी ऐकत चढले. गावातले लोक माझी पाठ थोपटायचे.

पुढे माझं इंजिन थकलं. भरल्या अंगाने चढताना बाभळीच्या झाडाजवळच्या वळणावर तर हमखास धाप लागायची आणि मी बंद पडायचे. मग अप्पांनी गंगासागरबाईंना सोबत आणायला सुरुवात केली आणि एक रीत पाडली. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवायची. गंगासागरबाईंनी खाली उतरायचं आणि बाभळीच्या लाकडाचा एक जड ठोकळा घेऊन माझ्या मागच्या चाकाबरोबर चालायचं. मी बंद पडले की त्या ठोकळा चाकामागे सारायच्या आणि ओरडायच्या, "ठेवला!" मगच अप्पा ब्रेकवरचा पाय काढायचे. एका घाटात तीन वेळा, कधी चार वेळा. अशी सात वर्षं गेली. लोक म्हणायचे, बाई लई धीराची. मला मात्र शरमेने मान खाली घालावीशी वाटायची.

गेल्या श्रावणात रस्ता ओला होता. ठोकळा घसरला आणि मी वीतभर मागे आले. गंगासागरबाईंनी पाय काढून घेतला, पण चप्पल माझ्या टायरखाली राहिली. त्यांनी ठोकळा पुन्हा लावला. आत अप्पांनी ते सगळं आरशात बघितलं. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या दिवशी मी घाबरले. ज्या बाईने मला विभूती लावली, तिच्याच अंगावर मी कधीतरी जाणार, या विचाराने मी कासावीस झाले.

दुसऱ्याच दिवशी अप्पांनी मला पालीला शहादेव मिस्त्रीच्या गॅरेजवर नेलं.

"शहादेवभाऊ, हिची ताकद वाढव."

"वाढवतो की अप्पा. पन आधी ब्रेक, मंग ताकद."

"कावून? मला चढायचंय, थांबायचं न्हाई."

"चढलेली गाडी उतरती बी. अन् आरटीओची परवानगी हातात आल्याबिगर मी पाना लावत न्हाई."

शहादेव हट्टी माणूस, पण हात देवाचा. कागद झाले आणि मी वीस दिवस त्याच्याकडे पोट उघडं टाकून पडले. आधी नवे ब्रेक आले, मग नवे पिस्टन आले, नवी क्लच प्लेट आली, मोठा रेडिएटर आला. सगळ्यात मोठा पाहुणा म्हणजे टर्बो. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, मग डिझेल जोरात जळतं आणि ताकद वाढते. माझ्या जुन्या हाडांना हे झेपेल का, ही धाकधूक होतीच. शहादेवने किल्ली फिरवली. मी अशी गुरगुरले की माझी मीच दचकले!

"इंजिनाचे घोडे वाढलेत," हात पुसत शहादेव म्हणाला, "म्हनून पोती वाढवू नका."

पहिला सोमवार आला. नेहमीइतकीच पोती भरून आम्ही घाटाच्या पायथ्याशी पोहोचलो. आणि काय सांगू! अप्पांनी सवयीने गाडी थांबवली. गंगासागरबाई सवयीने ठोकळा घेऊन उतरल्या. दार वाजलं, अप्पांनी सवयीने गिअर टाकला. आता उतरायची गरज नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आणि मी सुटले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. अप्पांनी आनंदाने डॅशबोर्डवर थाप मारली. "बघितलं का! बाभळीचं वळण आलं अन् हिला कळलं बी न्हाई!" असं म्हणत त्यांनी डावीकडे मान वळवली. सीटवर नुसती बाईंची पिशवी होती.

अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, तोही नेमका त्या नावडत्या वळणावर. आरशात रिकामा रस्ता. चाकामागे ठोकळा नाही. खाली उतरायचा त्यांना धीर होईना. ब्रेकवर पाय रोवून ते हॉर्न वाजवत बसले.

बऱ्याच वेळाने गंगासागरबाई आल्या. पदर खोचलेला, कमरेवर ठोकळा, चेहरा लाल.

"अवं, कुठं निघालतात मला सोडून? सात वर्सं मी मागं हाय म्हनून चढलात, अन् आज मागं वळून बघितलं बी न्हाई!"

"तुला वर बसवायसाठीच केलतं गं हे सगळं," अप्पा खिडकीतून वाकून म्हणाले. "अन् तुलाच इसरलो."

बाई वाकल्या, ठोकळा चाकामागे ठेवायला.

"ठेवू नको. वर ये."

"अन् गाडी मागं आली तर?"

"इतका येळ थांबलीय न्हव का?"

त्या माझ्या चाकाकडे बघत उभ्या राहिल्या. मी सगळा जीव नव्या ब्रेकमध्ये गोळा केला. केसभरसुद्धा सरकले नाही. मग त्या वर आल्या आणि ठोकळा मांडीवर घेऊन बसल्या.

अप्पांनी क्लच सोडला. भरल्या अंगाने, खड्या चढावर, जागच्या जागेवरून मी पुढे निघाले. पुढेच! मित्रांनो, इतकं हलकं मला रिकामी असतानाही कधी वाटलं नव्हतं.

गंगासागरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग खिडकीतून खाली बघितलं आणि एकदम म्हणाल्या, "अवं, हितून बिंदुसरा नदीचं पानी दिसतंय! कधीपासनं दिसतंय हे?"

"पयल्यापासनं," अप्पा हळूच म्हणाले.

"मी तर सात वर्सं नुस्तं चाकच बघितलं."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी जुनी गाडी असेल. तिचं तेल वेळेवर बदला, ब्रेक तपासा, ताकद वाढली म्हणून तिच्यावर ओझं वाढवू नका. आणि चढ लागण्याआधी शेजारच्या सीटकडे एकदा बघा. आमचे अप्पा आता दर सोमवारी पायथ्याशी बघतात. गंगासागरबाई खिडकीकडे तोंड करून बसलेल्या असतात. त्यांचे पाय खाली नीट टेकत नाहीत, म्हणून त्यांनी ते ठोकळ्यावर ठेवलेले असतात.